काकडीला सुटलेलं पाणी आणि टिचबटणांची गुणसूत्रं

इंदूरच्याच एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा अकरावीत, नीटची तयारी करतोय. शाळा दहावीपर्यंत हिंदी माध्यमाची, आता क्लासमध्ये सगळं इंग्रजीत, आणि घरात मराठी. पेशीचा धडा त्याने तीनदा पाठ केला, तरी चाचणीत परासरणाचे (ऑस्मोसिस, म्हणजे पेशीच्या पातळ पडद्यातून, पटलातून, पाण्याची ये-जा) प्रश्न चुकले आणि गुणसूत्रं मोजायच्या प्रश्नांत जवळपास शून्य. त्यातच जेवताना त्याने आईला विचारलं, ‘कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, बेदाणे पाण्यात टाकले की फुगतात, पोहे भिजवले की फुगतात. हे तिन्ही परासरणच ना?’ ताई लिहितात, ‘मला उत्तर देता आलं नाही. पाठांतर चांगलं असून हा अडतो कुठे?’

ताई, आधी सरळ उत्तर देते. काकडी, हो, निर्विवाद परासरण. बेदाणे पुस्तकात परासरण, प्रत्यक्षात कामचलाऊ. पोहे अजिबात नाही. आणि ज्या मुलाला जेवताना हा प्रश्न सुचतो तो अडलेला नाही. त्याला नावं पाठ करायला लावलीत, हिशेब करायला कुणी शिकवलं नाही, एवढंच. मी एकतीस वर्षं कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली, आता रामबागेत घरी चार-पाच मुलांना बसवते. पेशीच्या धड्यात हिशेब तीनच आहेत: पाणी कुठे चाललंय, पैसे कोण भरतंय आणि बटणं किती आहेत. बटणांचं पुढे कळेल.

काकडीपासून सुरू करू. तुम्ही काकडी चोचवता, मीठ लावता, दहा मिनिटांनी भांडं तिरकं केलं की तळाशी पाणी जमलेलं दिसतं. ते पिळून मग दही घालता. सुरीने जेवढ्या पेशी चिरल्या गेल्या त्यांचं पाणी तर तसंही सांडणारच, पण पाणी वाढत जातं ते शाबूत राहिलेल्या पेशींतून. फोडीवर मिठाचं दाट द्रावण तयार झालेलं असतं. पेशीच्या पटलातून पाणी सहज जातं, मीठ सहज जात नाही. बाहेर मिठाने पाणी धरून ठेवलंय म्हणजे बाहेर मोकळं पाणी कमी, आत जास्त. पाणी मोकळ्याकडून अडकलेल्याकडे जातं.

मुलं इथेच घसरतात. त्यांच्या डोक्यात ‘जास्तीकडून कमीकडे’ हे वाक्य घट्ट बसलेलं असतं आणि ते ती मिठाला लावतात. मग म्हणतात, बाहेर मीठ जास्त, तर पाणी बाहेरून आत जाईल. उलटं उत्तर! त्याला सांगा, परासरणात ‘जास्त-कमी’ हे मोकळ्या पाण्याचं बघायचं, मिठाचं नाही. शुद्ध पाण्याची जलक्षमता, म्हणजे पाण्याच्या मोकळेपणाचं माप, शून्य धरतात. त्यात काहीही विरघळवलं की ती शून्याच्या खाली जाते, म्हणजे ऋण होते. पाणी कमी ऋणाकडून जास्त ऋणाकडे जातं. एवढं वाक्य त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं तरी निम्मे प्रश्न सुटतील.

हुशार मुलगा यावर लगेच विचारेल, मीठ जर आत जात नाही तर कैरीच्या लोणच्याची फोड आतपर्यंत खारट कशी? फार सुंदर प्रश्न आहे हा. पहिल्या एक-दोन दिवसांत बरणीत खार सुटतो, ते परासरण. नंतर पाणी गमावून गमावून फोडीतल्या पेशी मरतात. मेलेल्या पेशीचं पटल कुणाला अडवत नाही. मग मीठ, तिखट, मोहरीचा झणका सगळं बिनधास्त आत शिरतं. म्हणजे लोणचं मुरणं हे पेशी मेल्यानंतरचं प्रकरण. बुरशी-जिवाणू तिथे तग धरत नाहीत त्याचंही मोठं कारण तेच, मीठ त्यांच्याही पेशींतलं पाणी ओढून घेतं.

आता पोहे. भात (साळ) भिजवून, भाजून, कुटून किंवा लाटून पोहे होतात. त्यात जिवंत पेशी कुठून राहणार? पटलच नाही तर परासरण कसलं! तिथे स्टार्च पाणी शोषून फुगतं, त्याला अंतःशोषण म्हणतात. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं तेही हेच. कोरडे हरभरे भिजत घातल्यावर सुरुवातीला पाणी शोषतात तेही बरंचसं हेच, दाणा जिवंत असला तरी. बेदाण्याचं मधलं आहे. वाळताना त्याच्या बऱ्याच पेशी मेलेल्या असतात, पण साल आणि आतला गर साखरेला चटकन बाहेर पडू देत नाहीत, म्हणून पाणी आत येत राहतं आणि बेदाणा टम्म होतो. परीक्षेत ‘अंतःपरासरण’ (पाणी आत येणारं परासरण) लिहायचं, मनात ही पुस्ती ठेवायची.

पटल जिवंत आहे की मेलं, हे डोळ्यांनी बघायचं असेल तर घरात बीट आहे का बघा. एकसारख्या चार-पाच फोडी करा आणि नळाखाली रंग जायचा थांबेपर्यंत धुवा. हे धुणं महत्त्वाचं, कारण चिरलेल्या पेशींचा रंग आधी निघून जायला हवा. मग एक फोड साध्या पाण्यात, एक बोट भाजेल इतक्या गरम पाण्यात, एक पाण्यात थोडं सॅनिटायझर घालून त्यात. अर्ध्या तासाने बघा. साध्या पाण्याचा पेला जेमतेम गुलाबी, बाकीचे दोन लालभडक. बिटाचा रंग पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत, असतो. बाहेर यायचं तर त्याला दोन पटलं ओलांडावी लागतात, आधी रिक्तिकेचं, मग पेशीचं. उष्णतेने पटलातल्या प्रथिनांची घडी मोडते, अल्कोहोल मेदाची रचना विस्कटतं. पेशीभित्तिका, म्हणजे पटलाबाहेरची कडक भिंत, मात्र तिन्ही फोडींत जशीच्या तशी आहे! भित्तिका कुणाला अडवत नाही, अडवतं ते पटल. मुलगा हे एकदा स्वतः करेल तर ‘भित्तिका पूर्ण पारगम्य, पटल निवडक पारगम्य’ हे वाक्य त्याला पाठ करावं लागणार नाही.

रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात जे खण बघितले ते म्हणजे नुसत्या रिकाम्या भित्तिका होत्या. ‘सेल’ हे नाव त्याने त्या रिकाम्या खणांना दिलं. खरी मालकीण तर कधीच निघून गेली होती.

नावांचा विषय निघालाच आहे तर आपल्या इंदुरी मुलांची एक अडचण सांगते, मराठी मुलखातल्या मुलांना ही नाही. घरी आपण ‘पेशी’ म्हणतो. शाळेतल्या हिंदीत ‘कोशिका’, आणि हिंदीत ‘पेशी’ म्हटलं की मांसपेशी, नाहीतर कोर्टातली तारीख. आपला ‘स्नायू’ म्हणजे मांसाचा, हिंदी पुस्तकातला ‘स्नायु’ म्हणजे हाडाला हाड बांधणारा बंध. आपली तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) तिथे सूत्रकणिका होते. माझ्याकडचा एक मुलगा वर्षभर तंतुकणिका आणि सूत्रकणिका ही दोन वेगळी अंगकं (पेशीच्या आतले अवयव) समजत होता, आणि दोन्हींची कामं एकच का म्हणून वैतागला होता. तेव्हा पहिल्या दिवशी एका कागदावर मराठी, हिंदी, इंग्रजी असे तीन रकाने पाडून भिंतीवर लावा. पंधरा-वीस शब्दांचाच खेळ आहे.

अंगकांबद्दल मी फार लिहिणार नाही, पुस्तकात चांगलं दिलेलं असतं. फक्त यादी करून पाठ करू नये, एखादं प्रथिन धरून त्याच्यामागे चालत जावं. इन्सुलिन घ्या. त्याची पाककृती केंद्रकातून निघते, रायबोसोमवर ते घडतं, आंतर्द्रव्यजालिकेत त्याची घडी बसते, गॉल्जीत बांधाबांध होते, मग पुटिकेतून पटलापर्यंत आणि बाहेर. या वाटेवर जे जे लागलं त्याचा एकमेकांशी संबंध आहे. जालिका, गॉल्जी, लयकारिका, रिक्तिका ही म्हणून एकच अंतःपटल व्यवस्था. तंतुकणिका आणि हरितलवक या वाटेवर लागत नाहीत, म्हणून ती त्या व्यवस्थेत मोडत नाहीत. हा प्रश्न दर दोन वर्षांनी कुठे ना कुठे येतोच.

पटलाकडे परत येते, कारण माझ्या मते सगळा धडा तिथेच आहे. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी लाल रक्तपेशींतला मेद काढून पाण्यावर पसरला आणि त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाशी ताडून बघितलं. ते साधारण दुप्पट भरलं. म्हणजे पटलात मेदाचे थर दोन. लाल रक्तपेशीच का घेतली? सस्तन प्राण्यांच्या पक्व लाल पेशीत केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, आत दुसरं कुठलंही पटल नाही. जो मेद निघेल तो बाहेरच्या पटलाचाच. किती साधी युक्ती! पुढे १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी सांगितलं की हा मेद गोठलेला नाही, वाहता आहे, आणि प्रथिनं त्यात तरंगतात. तोच आपला द्रव-मोझॅक नमुना.

वाहता म्हणजे कसा, ते डिसेंबरात आपल्या स्वयंपाकघरात बघा. तुपाचा डबा थिजलेला असतो, शेंगदाण्याचं तेल वाहतं असतं. तुपातल्या बहुतेक मेदाम्लांच्या साखळ्या सरळ, त्या एकमेकींना चिकटून बसतात. तेलातल्या बऱ्याच साखळ्यांना वाकण असतं, त्या घट्ट बसू शकत नाहीत. थंड पाण्यातले मासे आणि थंडीतली झाडं आपल्या पटलात अशा वाकड्या साखळ्यांचं प्रमाण वाढवतात, म्हणजे पटल थिजत नाही. प्राण्यांच्या पटलात शिवाय कोलेस्टेरॉल असतं, ते पटल फार पातळही होऊ देत नाही आणि फार घट्टही नाही.

या मेदाच्या थरातून ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड सहज जातात. ग्लुकोज, सोडियम, पोटॅशियम जात नाहीत, त्यांना प्रथिनांची दारं लागतात. पाण्याचं मात्र मजेशीर आहे. थोडं पाणी मेदातूनच झिरपतं, पण मूत्रपिंडातला आणि लाल पेशीतला वेग तेवढ्याने जुळत नव्हता. पाण्याचं वेगळं दार असणार असं बरीच वर्षं म्हणत होते, ते पीटर अॅग्रे यांना लाल पेशीच्याच पटलात सापडलं. अॅक्वापोरिन. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी.

आता दुसरा हिशेब, पैसे कोण भरतंय? उतारावरून, म्हणजे जास्तीकडून कमीकडे, जाणाऱ्याला कुणी पैसे मागत नाही. प्रथिनाच्या दारातून जावं लागलं तरी फुकट, त्याला सुकर विसरण म्हणायचं. मुलं ‘प्रथिन लागलं म्हणजे ऊर्जा लागली’ असं धरून चालतात आणि तिथे गुण जातात. चढ चढायचा असेल तरच एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं नाणं, मोडावा लागतो. सोडियम-पोटॅशियम पंप एका एटीपीत ३ सोडियम बाहेर ढकलतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. १९५७ मध्ये येन्स स्कोऊ यांनी तो खेकड्याच्या चेतातंतूंत शोधला, १९९७ मध्ये नोबेल मिळालं.

तिसरी तऱ्हा उधारीची, आणि तिच्याइतकं सुंदर उदाहरण दुसरं नाही: ओआरएस. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज चढावर आत येतो, पण त्या दारावर एटीपी कुणीच भरत नाही. दोन सोडियम उतारावरून आत घसरतात आणि एका ग्लुकोजला हात धरून बरोबर आणतात. मग सोडियमला उतार मिळाला कुठून? पेशीच्या मागच्या दारी तो पंप सतत सोडियम बाहेर फेकत असतो म्हणून. बिल मागच्या दारी भरलं जातंय, पुढच्या दारी फुकट वाटतंय. सोडियम आणि ग्लुकोज आत गेले की त्यांच्यामागून पाणी परासरणाने जातं.

कॉलऱ्यात नेमकं काय होतं, तर जंतूच्या विषाने आतड्याच्या पेशींची क्लोराइडची दारं उघडी पडतात, क्लोराइडमागे सोडियम आणि पाणी बाहेर ओततं. हे विष असतं हे १९५९ मध्ये कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी दाखवलं. पण ग्लुकोज-सोडियमचं दार त्या विषाने बिघडत नाही! म्हणून तर नुसतं मिठाचं पाणी पाजून भागत नाही, साखर घातली की भागतं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी हेच द्रावण हजारो लोकांना पाजून जीव वाचवले. २००२ पासूनच्या प्रमाणात एका लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. ग्लुकोज आणि सोडियम दोन्ही लिटरमागे ७५ मिलिमोल, एकास एक. जास्त साखर बरी असं समजून कुणी गोडमिट्ट पाणी किंवा कोल्ड्रिंक पाजतं तेव्हा उलट होतं, आतड्यातली साखर पेशींतलं पाणी बाहेर ओढते. मुलाला हे पाकीट वाचायला द्या, पटल वहनाचा अख्खा धडा त्यावर छापलेला आहे.

परासरणाचा माझा स्वतःचा धडा मी जरा महागात शिकले. नोकरीचं दुसरं वर्ष, रक्तपेशींचं प्रात्यक्षिक. सलाइनच्या बाटलीत कुणीतरी डिस्टिल्ड वॉटर भरून ठेवलं होतं आणि मी चिठ्ठीवर विश्वास ठेवला. बावीस मुलांनी धीर करून बोटं टोचून घेतली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकालाही पेशी दिसेना. बाहेरच्या परीक्षकांसमोर माझे कान लाल. त्यांनी काही न बोलता परीक्षानळीत तेच पाणी घेतलं, रक्ताचा थेंब टाकला, नळी वर्तमानपत्रामागे धरली. द्रावण लालच, पण पारदर्शक. पलीकडची अक्षरं वाचता येत होती. दुसऱ्या नळीत नवं ०.९ टक्क्यांचं सलाइन करून थेंब टाकला, ती गढूळ, अक्षरं दिसेनात. पहिल्या नळीत पेशी पाणी पिऊन फुटल्या होत्या आणि हिमोग्लोबिन विरघळलं होतं. दुसरीत पेशी शाबूत, म्हणून प्रकाश अडतो. डिस्टिल्ड पाण्यात कांद्याचा पापुद्रा ठेवला तर तो का फुटत नाही, हा प्रश्न त्यांनी मुलांना नाही, मला विचारला. भित्तिका आहे म्हणून. पेशी फुगते, भित्तिकेवर दाबते, भित्तिका उलट दाबते आणि पाणी यायचं थांबतं. मलूल कोथिंबिरीची जुडी पेल्यात उभी ठेवल्यावर तासाभरात ताठ होते ती याच दाबाने.

याच्या उलट, रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल मिठाच्या पाण्यात बघितली तर रंगाचा गोळा भित्तिकेपासून सुटून मध्ये आकसतो. हा रससंकोच. भित्तिका आणि आकसलेलं पटल यांच्यामधल्या जागेत काय असतं? हवा नाही, पोकळी नाही. बाहेरचं मिठाचं पाणी, कारण भित्तिकेला काहीच अडत नाही. बीट आठवलं का?

आता बटणं. गुणसूत्रं मोजताना शून्य येतं त्याचं कारण मी इतक्या वर्षांत एकच बघितलंय, मुलं दोरे मोजतात. मोजायचा असतो गुणसूत्रबिंदू, म्हणजे गुणसूत्राचे दोरे जिथे जोडलेले असतात तो ठिपका.

शिवणाच्या डब्यातली टिचबटणं घ्या आणि दोन रंगांची लोकर. लाल आईकडची, निळी वडिलांकडची. टिचबटणाचे दोन भाग सुटे करा. लांब लाल, लांब निळा, आखूड लाल, आखूड निळा असे चार तुकडे कापा आणि प्रत्येकाच्या मध्यावर बटणाचा एक भाग शिवा. ही झाली २एन (आईकडची आणि वडिलांकडची मिळून गुणसूत्रं) बरोबर ४ ची पेशी. आता डीएनएची प्रत निघते: प्रत्येक तुकड्यासारखाच दुसरा तुकडा कापा, त्यावर बटणाचा उरलेला भाग शिवा आणि टिच करून लावून टाका. दोरे चाराचे आठ झाले. बटणं? चारच. म्हणजे डीएनए दुप्पट, गुणसूत्रं तेवढीच. मुलगा इथे जरा वेळ बोटं मोजत बसेल, बसू द्या.

विभाजनाआधी हे दोरे पेशीभर पसरलेले असतात. बिऱ्हाड हलवताना आपण पसरलेलं सामान गाठोड्यांत बांधतो, कारण पसारा घेऊन कुणी घर बदलू शकत नाही. पूर्वावस्था म्हणजे गाठोडी बांधणं. मध्यावस्थेत चारही बटणं पेशीच्या मध्यावर एका ओळीत. पश्चावस्थेत टिच! बटणं उघडली. आता प्रत्येक सुटा भाग एक स्वतंत्र गुणसूत्र, म्हणून क्षणभर पेशीत आठ. मग चार इकडे, चार तिकडे. हे सूत्री विभाजन. यानंतर पेशीद्रव्य वाटलं जातं. प्राण्यांत पटल बाहेरून आत आवळत जातं, वनस्पतींत भित्तिका असल्याने आवळता येत नाही, तिथे मधोमध नवी पट्टी तयार होऊन बाहेरच्या दिशेने वाढते.

अर्धसूत्री विभाजनात फरक एकाच ठिकाणी आहे, तो दाखवताना मी मुलांचे हात धरते. लांब लाल आणि लांब निळा शेजारी येतात, आखूड लाल आणि आखूड निळा शेजारी येतात. इथे कात्री घेऊन लाल दोऱ्याचं टोक आणि निळ्याचं टोक अदलाबदल करून बांधा, तो झाला जनुकीय विनिमय. मग ओढा. पण बटण उघडायचं नाही! अख्खी मिटलेली बटणं दोन बाजूंना जातात, दोन इकडे, दोन तिकडे. संख्या इथे, पहिल्या विभाजनात, निम्मी झाली. दुसऱ्या विभाजनात मग टिच, आणि चार पेशी, प्रत्येकीत दोन. आखूड जोडीचा लाल लांब लालच्या बाजूला जाईल की लांब निळ्याच्या, हे दर वेळी वेगळं. मुलाला दोन्ही तऱ्हा मांडायला लावा. भावंडं सारखी का नसतात हे त्याला चटईवर बसल्या बसल्या कळेल.

आता परीक्षेचा प्रश्न. कांद्यात २एन बरोबर १६. सूत्री विभाजनाच्या मध्यावस्थेत गुणसूत्रं १६, दोरे ३२. पश्चावस्थेत गुणसूत्रं ३२. अर्धसूत्रीच्या पहिल्या पश्चावस्थेत? बटणं उघडलीच नाहीत, म्हणून १६ च, ८ इकडे आणि ८ तिकडे. पहिलं विभाजन संपल्यावर प्रत्येक पेशीत ८ बटणं आणि १६ दोरे. दुसऱ्या पश्चावस्थेत त्या प्रत्येक पेशीत थोडा वेळ १६, शेवटी ८ बटणं आणि ८ दोरे. माझी मुलं परीक्षेत कच्च्या कागदावर बटण काढतात. एकाने तर पर्यवेक्षकांना ‘भिया, बटण है, गुणसूत्रबिंदू’ असं ऐकवलं होतं.

ओढाताणीत कधीकधी एखादी जोडी सुटतच नाही, दोन्ही बटणं एकाच बाजूला जातात. माणसात २१ व्या जोडीचं असं झालं तर बाळात त्या गुणसूत्राच्या तीन प्रती येतात, तो डाउन सिंड्रोम. कारण १९५९ मध्ये लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं. आईच्या वयाशी याचा संबंध का, ते विभाजनाच्या वेळापत्रकात आहे. मुलीच्या अंडपेशींचं अर्धसूत्री विभाजन तिच्या जन्माआधीच सुरू होतं आणि द्विसूत्र अवस्थेत, म्हणजे डिप्लोटीनमध्ये, थांबून राहतं. पुढे त्या त्या महिन्यात एखादी अंडपेशी ते पुरं करायला घेते, कुणी पंधराव्या वर्षी, कुणी चाळिसाव्या. जोडी धरून ठेवणारे बंध इतकी वर्षं ताणलेले असतात, ते सैल पडतात. घरात असं मूल असलं की सासरची मंडळी आईने गरोदरपणी काय खाल्लं ते उकरत बसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

मुलाला खरं विभाजन बघायचं असेल तर शाळेच्या प्रयोगशाळेत मूलाग्राची काचपट्टी करून मागा. कांदा घेतात, पण कांदा कधीकधी रुसतो, आठवडाभर मूळ फुटत नाही. मी लसूण घेते. मंदसौर-नीमचकडचा भरपूर येतो, चोइथराम मंडीत कधीही मिळतो, आणि गुणसूत्रं कांद्याइतकीच, १६. पाकळी पाण्याला जेमतेम टेकेल अशी बाटलीच्या तोंडावर ठेवा. मुळं सेंटीमीटरभर झाली की सकाळी आठ-दहाच्या दरम्यान टोकं कापून एक भाग अॅसेटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोलमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम, मग अॅसिटोकार्मिन हा रंग, मग टिपकागदाखाली अंगठ्याने सरळ दाबायचं, घासायचं नाही.

बहुतेक पेशी विभाजन न करणाऱ्या दिसतील, त्याला वाटेल फसलं. फसलेलं नसतं. जी अवस्था जास्त वेळ चालते तिच्यातल्या पेशी जास्त दिसतात, म्हणजे ती काचपट्टी एक घड्याळच आहे. माणसाच्या पेशीचं चक्र साधारण २४ तासांचं, त्यात प्रत्यक्ष विभाजन तासाभराचं. मुळाचे आकडे वेगळे, पण प्रमाण असंच उतरतं. विभाजन करणाऱ्यांत पूर्वावस्था भरपूर आणि पश्चावस्था शोधावी लागते, ती इतकी झटपट उरकते. शंभर पेशी मोजायला लावा आणि रकाने भरू द्या.

कापताना टोकाकडचे दोन-तीन मिलिमीटरच ठेवायचे, वरचं मूळ टाकून द्यायचं. तिथल्या पेशी नुसत्या लांबतात, विभागत नाहीत. आणि लसूण सोलताना बुडाची चकती कापू नका, मुळं तिथूनच फुटतात.